खुर्च्या मोडणारी पोरं

बर्लिनच्या श्योनेबेर्ग भागात पोट्सडामर रस्त्याजवळ स्वस्त घरांची एक अवाढव्य वसाहत आहे. गॅलऱ्यांना टांगलेल्या डिश अँटेना, वाळत घातलेल्या चादरी, दारांवर तुर्की आणि अरबी आडनावं. इमारतीचा एक भाग युद्धकाळातल्या काँक्रीटच्या बंकरवरून पलीकडे गेलाय. बंकर पाडायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, त्याच्या डोक्यावरून घरं बांधली. पर्यटक इथे फारसे फिरकत नाहीत. ज्यासाठी फिरकावं ते श्पोर्टपालास्ट नावाचं सभागृह १९७३ मध्येच पाडून टाकलं.

त्या सभागृहातल्या दोन घटना माझ्या डोक्यात कायमच्या एकमेकींना चिकटल्या आहेत.

पहिली १८ फेब्रुवारी १९४३ ची. स्टालिनग्राडला जर्मन फौजेने शरणागती पत्करून जेमतेम दोन आठवडे झाले होते. गोबेल्सने निवडून बोलावलेल्या श्रोत्यांना विचारलं, तुम्हाला सर्वंकष युद्ध हवंय का? सगळं सभागृह ‘हो’ म्हणून ओरडलं. ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. भाषण विसरायला होतं, तो होकार विसरायला होत नाही.

दुसरी २६ ऑक्टोबर १९५८ ची. अमेरिकेहून रॉक अँड रोल गाणारा बिल हेली आला होता. वय ३३, अंगाने भरलेला, कपाळावर केसांची गोल बट. आजच्या डोळ्यांना तो बंडखोर वगैरे मुळीच दिसत नाही, लग्नातल्या बँडचा मास्तर दिसतो. आधी कुर्ट एडेलहागेनचा वाद्यवृंद वाजवत होता, त्याला पोरांनी ओरडून ओरडून हैराण केलं. मग हेली मंचावर आला, आणि थोड्याच वेळात कार्यक्रम गुंडाळावा लागला. पोरांनी खुर्च्या मोडल्या. पोलीस दंडुके घेऊन आत शिरले. पुढच्या दोन दिवसांत हाम्बुर्ग आणि एसेनलाही हीच गत झाली.

मधे गेलेली वर्षं पंधरा. म्हणजे १९५८ मध्ये खुर्च्या मोडणारा सतरा वर्षांचा मुलगा १९४३ मध्ये दोन वर्षांचा होता. त्याचा बाप, काका, शाळामास्तर, आता त्याच्यावर दंडुका उगारणारा पोलीस, यांतले कितीजण तेव्हा रेडिओला कान लावून बसले असतील, हा हिशेब कुणी केलेला नाही. त्या घरांतही तो करायची पद्धत नव्हती.

रॉक संगीताने जर्मनीला लोकशाही शिकवली, असं सांगणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आलाय. मोपेडवर बसून आलेल्या, पगाराच्या दिवशी खिसा गरम असलेल्या त्या शिकाऊ कामगाराला लोकशाहीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला आवाज हवा होता. पण तो नेमका आवाजच का मागत होता आणि मोठ्यांना तो इतका का झोंबला, हे पाहायला लागलं की गोष्ट संगीतापुरती राहत नाही.

या मुलांना तेव्हा ‘हाल्बश्टार्के’ म्हणत, अर्धेकच्चे दांडगट. १९५६ हे त्यांचं वर्ष. गल्लीच्या कोपऱ्यावर टोळक्याने उभं राहायचं, ट्राम अडवायची, कुणी हटकलं तर दगड. त्या वर्षी होर्स्ट बुखहोल्त्सचा त्यांच्यावरचा सिनेमा आला आणि ‘ब्राव्हो’ हे पोरांचं साप्ताहिक निघालं. हेलीच्या गाण्यांचा सिनेमा लागला, तो पाहून थेटरातून बाहेर पडलेल्या पोरांनी डोर्टमुंडमध्ये पोलिसांशी मारामाऱ्या केल्या.

या वर्षाचा मागचा-पुढचा संदर्भ बघा. रशियाच्या कैदेत असलेले शेवटचे दहाएक हजार जर्मन ऑक्टोबर १९५५ पासून जानेवारी १९५६ पर्यंत घरी परतले. लाखो घरांत बाप आलाच नव्हता. जिथे आला तिथे दहा वर्षांनी एक अनोळखी, हाडं वर आलेला माणूस दारात उभा राहिला आणि त्याने जेवणाच्या टेबलावर शिस्त मागितली. तोवर आईने विटा उचलल्या होत्या, काळ्या बाजारातून बटाटे आणले होते, घर चालवलं होतं. आणि जुलै १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा केला. ज्या पोराला मागच्या लढाईबद्दल कुणी काही सांगत नव्हतं, त्याच्याच हातात पुढच्या लढाईची बंदूक द्यायची तयारी सुरू झाली. त्याने ट्राम अडवली, तर मला त्याचं फारसं नवल वाटत नाही.

गंमत अशी की मोठ्यांकडे त्याच्यासाठी शब्द जुनेच होते. १९३८ मध्ये नाझींनी ड्युसेलडोर्फला ‘विकृत संगीता’चं प्रदर्शन भरवलं होतं, त्याच्या जाहिरातीवर सॅक्सोफोन वाजवणारा काळा माणूस होता आणि त्याच्या कोटावर ज्यूंची चांदणी. काळ्यांच्या संगीतासाठी तेव्हा वापरलेली शिवी पन्नासच्या दशकातले सभ्य आजोबा बिनदिक्कत वापरत होते. हाम्बुर्गच्या श्रीमंत वस्तीतली ‘स्विंग’वाली पोरं तर युद्ध ऐन भरात असताना इंग्रजी कोट घालून, लांब केस राखून अमेरिकी जॅझवर नाचायची. १९४१ च्या ऑगस्टमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांची धरपकड केली. जानेवारी १९४२ मध्ये नाझी पोलिसांचा सर्वोच्च प्रमुख खुद्द हिमलर, त्याने हाताखालच्या हायड्रिशला पत्र लिहून म्होरक्यांना छळछावणीत धाडा म्हणून बजावलं, आणि काहींना धाडलंही. नाचायला जाणाऱ्या पोरांसाठी एवढ्या वरून हुकूम! म्हणजे हेलीच्या आधीही या देशात गाणं हा पोलिसांचा विषय होऊन गेला होता.

आता पूर्वेकडे वळू. कारण इथेच मला या सगळ्याची खरी चव लागते.

पूर्व जर्मनीचं सरकार स्वतःला हिटलरच्या पार उलट टोकाचं मानायचं. पश्चिमेतले भांडवलदार म्हणजे जुने नाझीच, हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. पण हेलीच्या गोंधळानंतर दोन्हीकडची वर्तमानपत्रं शेजारी ठेवली तर वाटतं, एकाच संपादकाने लिहिलीयत. संस्कृतीचा ऱ्हास, पशुवृत्ती, अमेरिकी घाण. पूर्वेचे संरक्षणमंत्री विली श्टोफ तर म्हणाले की रॉक अँड रोल हे तरुणांना अणुयुद्धासाठी तयार करायचं साधन आहे. पश्चिमेतल्या पाद्र्यांना एवढी झेप जमली नाही.

भिंत १९६१ मध्ये उभी राहिली. तोवर बर्लिनमधली पूर्वेकडची पोरं ट्रेनने पलीकडे जाऊन सिनेमा बघून रात्री घरी येत. त्यांना थोपवायला पक्षाने दोन उपाय काढले. १९५८ मध्ये नियम केला की नाचाच्या कार्यक्रमात आणि रेडिओवर ६० टक्के संगीत समाजवादी देशांचंच हवं. दुसरा उपाय मला फार आवडतो. १९५९ च्या सुरुवातीला लाउखहामर गावी नृत्यसंगीताची परिषद भरली आणि तिथे एक नवा नाच जाहीर झाला, ‘लिप्सी’. जन्म लाइपझिगचा, ताल सहा-चतुर्थांश, जोडीने नाचायचा, पण पकड सभ्य, हातपाय फेकणं नाही. सरकारने तबकड्या काढल्या, नाचशिक्षक नेमले. समितीने बसून पोरांसाठी नाच तयार केला, आता बोला!

त्याच वर्षी नोव्हेंबरात लाइपझिगमधली पोरं रस्त्यावर आली ती घोषणा देत: लिप्सी नको, आलो कोल नको, आम्हाला एल्व्हिस प्रेस्ली आणि त्याचा रॉक अँड रोल हवा. आलो कोल हा बिचारा तिथला वाद्यवृंदवाला, त्याचा यात दोष एवढाच की त्याचं नाव यमकात बसत होतं. सोबत पूर्व जर्मनीचा पक्षप्रमुख उलब्रिख्त याच्या नावानेही काही ओरडा झाला. या घोषणांपायी पोरं तुरुंगात गेली, काहीजण महिन्यांसाठी नाही, वर्षांसाठी.

ज्याच्या नावाने ती ओरडत होती तो त्या वेळी तिथून फार लांब नव्हता. एल्व्हिस १ ऑक्टोबर १९५८ ला ब्रेमरहाफेन बंदरात उतरला होता, अमेरिकी फौजेचा साधा शिपाई म्हणून. छावणी फ्रीडबेर्गला, राहायला शेजारच्या बाड नाउहाइममध्ये, गोएथेच्या नावाच्या रस्त्यावर १४ नंबरच्या भाड्याच्या घरात. फाटकावर जर्मनमध्ये पाटी होती, सह्या संध्याकाळी साडेसात ते आठ. मार्च १९६० पर्यंत तो तिथे राहिला, आणि या काळात एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. पण त्याने एक काम नकळत केलं. केस कापलेला, गणवेशातला, वरिष्ठांना सलाम ठोकणारा एल्व्हिस पाहून जर्मन आईबापांचा जीव भांड्यात पडला. परत गेल्यावर त्याने त्यांच्याच एका जुन्या लोकगीताची चाल घेऊन गाणं केलं, तेव्हा तर आज्याही खूश. मला विचाराल तर एल्व्हिस तिथेच संपला. धंदेवाईक मंडळींनी तोवर पेटर क्राउस नावाचा घरचा एल्व्हिस बाजारात आणलाच होता, हसरा आणि धुतलेला.

मुलींबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. हाल्बश्टार्के म्हटलं की चामडी जाकिटातले मुलगेच दिसतात. पण रॉक अँड रोलच्या नाचात मुलगी हात सोडून स्वतःची स्वतः फिरते, मुलग्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते. घरात तेव्हा काय होतं? समान हक्कांचा कायदा पश्चिम जर्मनीत लागू झाला १ जुलै १९५८ ला. त्या दिवसापर्यंत संसारातल्या वादात शेवटचा शब्द कायद्यानेच नवऱ्याचा होता. हे वाचल्यावर आजोबांना त्या नाचातलं नेमकं काय खुपत असेल, याचा थोडा वेगळा अंदाज येतो.

आणि मग हाम्बुर्ग. बीटल्सच्या चाहत्यांनी ही गोष्ट इतकी घासलीय की तिचे काठ गेलेत. लिव्हरपूलची पोरं आली, गोळ्या खाऊन रात्ररात्र वाजवली, पक्की झाली आणि गेली. सगळं खरं. पण त्यात हाम्बुर्ग म्हणजे नुसती तालीम करायची खोली होऊन बसतं. समोर बसलेले कोण होते?

१७ ऑगस्ट १९६० ला सांक्ट पाउलीच्या ग्रोसे फ्रायहाइट गल्लीत ती पाचजणं पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली. क्लबचं नाव ‘इंद्रा’. बाहेर रस्त्यावर हत्तीची पाटी. इंद्राचा ऐरावत रेड लाइट वस्तीत, हे वाचून आपल्याकडच्या माणसाला हसू येणारच. मालक ब्रूनो कोशमीडर खालून ओरडायचा, ‘माख शाउ!’, म्हणजे काहीतरी करून दाखवा. झोपायची सोय एका थेटराच्या पडद्यामागच्या कोंदट खोलीत, संडासाला लागून. दीडेक महिन्याने इंद्रातलं संगीत बंद पडलं, कारण वर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने आवाजाची तक्रार केली. युद्धात नवरा गेलेली बाई, असं सांगतात. तिची बाजू घ्यायला या कथेत कुणी नाही. मला तिचं म्हणणंही समजतं. १९४३ च्या जुलैत या शहरावर जे बॉम्ब पडले त्यांत तीस-चाळीस हजार माणसं मेली. ज्याने त्या रात्री काढल्या त्याला वर्षानुवर्षं मध्यरात्रीचा दणदणाट कसा वाटत असेल!

तिथून बँड गेला जवळच्या कायझरकेलरमध्ये. तळघर. गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, गोदीतले कामगार, चामडी जाकिटातले दांडगट. एका संध्याकाळी क्लाउस फोरमान नावाचा चित्रकलेचा विद्यार्थी मैत्रिणीशी भांडून एकटाच भटकत असताना जिन्यावरून आलेला आवाज ऐकून खाली उतरला. पुढच्या खेपेला त्याने मैत्रिणीला, आस्ट्रिड किर्शहेरला, आणि मित्र युर्गेन फोलमरला आणलं. ही डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या वस्तीतली पोरं. काळे कपडे, पॅरिसकडे डोळे, सार्त्रची पुस्तकं. लेनन त्यांना ‘एक्झी’ म्हणायचा, म्हणजे एक्झिस्टेन्शियलिस्ट, अस्तित्ववादी. खाली उतरताना त्यांना बँडची नाही, बाकीच्या गिऱ्हाइकांची भीती वाटत होती. आपल्याच शहरातल्या, आपल्याच वयाच्या पोरांची. दोन जर्मन वर्ग एका खोलीत आले ते इंग्रजांचं गाणं ऐकायला. आस्ट्रिडने काढलेले फोटो पुढे जगभर गेले, त्यांतला तो करडा उजेड आणि न हसणारे चेहरे तिचे आहेत, लिव्हरपूलचे नव्हेत.

आणि एक तपशील, जो बहुतेक पुस्तकांत विनोद म्हणून येतो. लेनन मंचावरून प्रेक्षकांना ‘नाझी’ म्हणून हिणवायचा, हिटलरची नक्कल करायचा. लेनन स्वतः १९४० च्या ऑक्टोबरातला, जर्मन विमानं लिव्हरपूलवर बॉम्ब टाकत होती त्या दिवसांतला. समोरची पोरं हाम्बुर्गच्या जळालेल्या गल्ल्यांतली. त्याने शिवी द्यायची आणि त्यांनी हसायचं, टाळ्या पिटायच्या. मला हे नुसतं टवाळपण वाटत नाही. जो शब्द घरी जेवताना कधीच निघत नव्हता, शाळेत इतिहासाचा तास ज्याच्या अलीकडे येऊन थांबायचा, तो शब्द पहिल्यांदा कुणीतरी भर गर्दीत, माइकवरून, मोठ्याने उच्चारत होतं. तो परका होता म्हणून ऐकवलं, आणि दारू पोटात होती म्हणून ऐकून घेतलं. फ्रांकफुर्टला आउश्वित्स छळछावणीतल्या माणसांवरचा खटला उभा राहायला अजून तीन वर्षं होती.

त्या खटल्याचा निकाल लागला ऑगस्ट १९६५ मध्ये. पुढच्याच महिन्यात, १५ सप्टेंबरला, रोलिंग स्टोन्स बर्लिनच्या वाल्डब्युने या खुल्या रंगमंचावर वाजवायला आले. हेही बांधकाम नाझींचंच, १९३६ च्या ऑलिंपिकसाठीचं. कार्यक्रम लवकर आटोपला, आणि पोरांनी बाकं उखडली, घरी जाताना लोकल गाड्यांची नासधूस केली. दहा दिवसांनी टीव्हीवर ‘बीट-क्लब’ सुरू झाला, तेव्हा आधी एक टापटीप निवेदक पडद्यावर आला आणि ज्यांना हे संगीत आवडत नाही त्यांनी समजून घ्यावं अशी विनंती करून गेला. पश्चिमेने असं समजून घ्यायला सुरुवात केली. विकता येतंय म्हटल्यावर समजायला वेळ लागत नाही.

पूर्वेने उलटा रस्ता धरला. तिथे दोन वर्षं जरा मोकळीक होती. सरकारी कंपनीने १९६५ मध्ये बीटल्सची तबकडीसुद्धा काढली होती. वाल्डब्युनेचं निमित्त झालं आणि लाइपझिगमधल्या बहुतेक बँडचे परवाने रद्द झाले. ३१ ऑक्टोबरला शहरातल्या एका चौकात निषेध करायचा, अशी हाताने छापलेली थोडीशी पत्रकं फिरली. पक्षाने घाबरून शाळाशाळांत सूचना दिल्या की त्या दिवशी त्या चौकात कुणीही जायचं नाही. त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं! साध्या कपड्यांतले पक्षाचे लोक आणि पोरं, सगळेच चौकात हजर. पाण्याचे फवारे, कुत्री, दंडुके. पकडलेल्यांतल्या अनेकांना कोळशाच्या खाणींत कामाला लावलं, कित्येकांचे केस जबरदस्तीने कापले. डिसेंबरात उलब्रिख्तने पक्षाच्या बैठकीत विचारलं, पश्चिमेकडून येणारी प्रत्येक घाण आपण खरंच नक्कल करायलाच हवी का, आता हे (बीटल्सच्या गाण्यातलं) ‘ये-ये-ये’ थांबवायला नको का. बहात्तर वर्षांचा माणूस, हिटलरच्या काळात परागंदा झालेला, त्याच्या तोंडी ते ‘ये-ये-ये’ ऐकून आजही जर्मन लोक हसतात. खाणीत गेलेली पोरं हसली असतील का, कोण जाणे.

१९६८ वर मी फार लिहिणार नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बेआटे क्लार्सफेल्डने चॅन्सेलर किझिंगरच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या एका जुन्या सभासदाच्या, थोबाडीत मारली. एवढ्यावरून हवा कळते. बापांना विचारायचे प्रश्न आता सरळ शब्दांत विचारले जाऊ लागले. मग संगीताचं काय काम उरलं?

त्याच वर्षी कोलोनमध्ये ‘कॅन’ हा बँड जमला. त्यातले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट दोघेही श्टॉकहाउझेन या आधुनिक संगीतरचनाकाराचे विद्यार्थी, तिशीतले, म्हणजे युद्ध आठवणारे. शाळेत असताना मास्तरांचा नाझी भूतकाळ उघड केल्याबद्दल आपल्याला काढून टाकलं होतं, असं श्मिट मुलाखतींत सांगत आलाय. या बँडला गाणारा जर्मन चाललाच नाही. आधी एक काळा अमेरिकन, मग म्युनिचच्या रस्त्यावर सापडलेला एक जपानी. अमेरिकेची नक्कल आता नको होती, आणि जर्मन गाण्यात तर संचलनाच्या बुटांचा आवाज अजून बसलेला होता. उरलं काय, तर तासन्‌तास चालणारा एक ठेका.

याच पिढीतली काही माणसं आमच्या पुण्यात येऊन पोहोचली, हे मला फार उशिरा उमगलं. सत्तरच्या दशकात इथे वाढलेल्यांना कोरेगाव पार्कच्या आसपासचे भगव्या कफनीतले जर्मन चांगले आठवतात. आमच्या घरी त्यांचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणत, आम्हा मुलांना उगाच पाणी आणायला पाठवत. त्यांच्यात डॉइटर नावाचा संगीतकार होता, १९४५ सालचा जन्म. १९७१ मध्ये जर्मनीत त्याने पहिली तबकडी केली आणि मग रजनीशांच्या आश्रमात येऊन ध्यानासाठी संगीत रचलं. त्या ‘डायनॅमिक’ ध्यानात दहा मिनिटं अशी असतात की ज्याला जे सुचेल ते करायचं: रडा, किंचाळा, हातपाय आपटा. आपल्याकडे त्या दहा मिनिटांची केवढी टिंगल झाली! ज्यांच्या घरात ओरडायला बंदी होती, आणि ज्यांच्या बापांनी एकदा नको तिथे एका सुरात ओरडून ठेवलं होतं, त्यांना ती दहा मिनिटं किती महाग वाटली असतील, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं.

पुण्यात १९७४ मध्ये आश्रम उभा राहिला. त्याच वर्षी ड्युसेलडोर्फच्या क्राफ्टवेर्क या बँडने ‘आउटोबान’, म्हणजे महामार्ग, काढलं: तबकडीची एक अख्खी बाजू, बावीस-एक मिनिटं, सुरुवातीला गाडीचं दार, इंजिन, हॉर्न, आणि शब्द चक्क जर्मन. हे महामार्ग हिटलरने बांधले, ही बढाई म्हाताऱ्यांच्या तोंडी असायचीच; ‘बाकी काही असो, रस्ते तरी केले’. क्राफ्टवेर्कची चौघं व्यवस्थित भांग पाडून, कोट-टाय घालून उभी राहिली आणि त्याच रस्त्यावरून गाडीने निघाल्याचं गाणं अगदी सपाट आवाजात गायली. यात उपरोध किती आणि निखळ मजा किती यावर माझ्या ओळखीच्या दोन जर्मन बायका अजून भांडतात. एकीच्या मते ते बापांच्या तोंडावर मारलेलं आहे, दुसरीच्या मते ते फक्त गाडी चालवायचं गाणं आहे आणि मी त्यात उगाच १९४३ शोधू नये. दोघींचा जन्म पन्नासच्या दशकातला, दोघींनी ती तबकडी तेव्हा स्वतःच्या पैशाने घेतलेली. मला पहिलीचं पटतं, पण गाणं लावलं की बहुतेकदा दुसरीचंच खरं वाटतं.